छोटा टेबल इन्क्युबेटर आणि हीट प्लेट, मोराच्या अंड्यांसाठी: पंचवीस दिवस निवांत, शेवटचे तीन दिवस डोळ्यात तेल घालून

इन्क्युबेटरला पाचपैकी तीन स्टार, सोबत घेतलेल्या, पिल्लांना ऊब देणाऱ्या हीट प्लेटला साडेचार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तेच मशीन वेगवेगळ्या स्टिकरखाली विकलं जातं. वर पारदर्शक झाकण, झाकणातच पंखा आणि हीटर, खाली पाण्याचे दोन कप्पे, मध्ये आपोआप सरकणारा ट्रे आणि समोर तापमान-ह्युमिडिटीचे आकडे, असं काही दिसलं की त्याच जातीचं मशीन समजा. याचे बहुतेक रिव्ह्यू कोंबडीच्या अंड्यांचे असतात, २१ दिवसांत पिल्लं आली, मशीन मस्त, विषय संपला. मोराचं गणित वेगळं आहे. इथे साधारण २८ दिवस लागतात, अंडं मोठं, टरफल जाड, आणि लांडोर एका खेपेला चार ते आठच अंडी घालते त्यामुळे एक अंडं वाया गेलं तरी जीवाला लागतं. म्हणून माझं मत असं की असलं मशीन पहिल्या पंचवीस दिवसांवरून जोखूच नये, तेवढं तर कुठलंही बऱ्यापैकी मशीन निभावतं. खरी परीक्षा शेवटच्या तीन दिवसांत आणि पिल्लू बाहेर आल्यावरच्या पहिल्या चोवीस तासांत होते, आणि नेमकं तिथेच हे मशीन आपल्यावर बरंच काम टाकतं.

पुढे जायच्या आधी एक महत्त्वाचं. भारतात मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे, रानातली किंवा शेताच्या बांधावर सापडलेली अंडी उचलणं हा गुन्हा आहे, तशी अंडी दिसली तर हात न लावता लांब राहायचं आणि अगदीच धोका वाटला तर वनखात्याला कळवायचं. हा रिव्ह्यू जिथे मोर पाळायला कायद्याने परवानगी आहे तिथल्या पाळीव लांडोरींच्या अंड्यांबद्दल आहे.

आता तापमान. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ डिग्री सेल्सियस ठेवायचं हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि बरोबरच आहे, पण डिस्प्लेवर ३७.५ दिसतंय म्हणजे अंड्यापाशी ३७.५ आहे असं नाही. माझ्याकडच्या मशीनचा डिस्प्ले जवळपास अर्धा डिग्री जास्त दाखवतो, म्हणजे आत प्रत्यक्षात गारच. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर याच रेंजमध्ये नीट मोजतो, तो अंड्याच्या उंचीला ठेवून ताडून बघता येतं. अर्धा डिग्री म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण २८ दिवस सतत अर्धा डिग्री कमी मिळालं तर पिल्लं उशिरा आणि लुळी निघतात, आणि सतत जास्त मिळालं तर लवकर निघतात, बेंबी नीट बंद झालेली नसते, बलक पूर्ण आत ओढलेला नसतो. कमजोर पिल्लू जन्मालाच तसं आलं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते मशीनने कमजोर केलेलं असतं. चांगली गोष्ट ही की मेनूमध्ये कॅलिब्रेशनचा पर्याय आहे, तापमान वर-खाली करून एकदा जुळवलं की पुढे ते हलत नाही, याला पूर्ण मार्क. फक्त पंख्याच्या बरोबर खालची जागा थोडी जास्त गरम राहते म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी अंड्यांच्या जागा बदलते.

ह्युमिडिटीचा सेन्सर मात्र अगदी सुमार. हे शोधायला कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू द्यायचं नाही, आणि ते झाकण वेगळ्या छोट्या हायग्रोमीटरसोबत (ह्युमिडिटी मोजायचं उपकरण) घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी हायग्रोमीटरने ७५ टक्के दाखवायला हवं, ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो हे कळलं. मग तो पारखलेला हायग्रोमीटर मशीनमध्ये ठेवायचा आणि मशीनचा आकडा विसरून जायचा. आमच्याकडे दोघांत इतका फरक निघाला की मशीनवर विश्वास ठेवून बसलो असतो तर अंडी ओलाव्याने बुडालीच असती.

आणि खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा वजन महत्त्वाचं. उबवणीत अंड्यातलं पाणी हळूहळू टरफलाच्या छिद्रांतून उडतं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते, पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १३ ते १५ टक्के घटायला हवं, म्हणजे सुरुवातीला १०० ग्रॅमचं अंडं असेल तर ८५ ते ८७ च्या आसपास. ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा घ्या, टरफलावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा, आठवड्याला एकदा मोजा. कमी घटतंय तर पाणी कमी करा, जास्त घटतंय तर वाढवा. सुरुवातीला ह्युमिडिटी ४५ ते ५५ टक्के धरून चालायचं आणि पुढचं अंड्यालाच विचारायचं. वजन घटलं नाही तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं, सुजल्यासारखं पिल्लू शेवटच्या दिवशी आतच गुदमरतं, ते टरफल फोडून बघताना फार वाईट वाटतं, कारण त्यात पिल्लाचा काहीच दोष नसतो.

ट्रे सरळसरळ कोंबडीच्या मापाचा आहे. मोराचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या दीडपटीहून मोठं, ते त्या घरात बसतच नाही, कडेला अडकतं आणि मोटर गुरगुरत राहते. मधल्या पट्ट्या निघतात, एक सोडून एक काढल्या की अंडं आडवं बसतं आणि गडगडतं. जाहिरातीत लिहिलेली अंड्यांची संख्या मोरासाठी निम्म्याहून कमी धरा. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवा, म्हणजे अंडं खरंच फिरतंय की जागेवरच घसरतंय ते एका नजरेत कळतं. मी ट्रे चालू असला तरी रोज एकदा हाताने पूर्ण उलटं करते. अजून एक, यातला ऑटो मोड कोंबडीचा आहे, तो अठराव्या दिवशी फिरवणं आपोआप बंद करतो. मोराला पंचविसाव्या दिवसापर्यंत फिरवायचंय! मॅन्युअल मोडवर टाकून स्वतः कॅलेंडरवर खूण करणं हाच उपाय, आणि ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेली नाही, टर्की आणि मोरासाठी एक ओळ टाकायला कंपनीचं काय जात होतं कळत नाही.

ज्यांच्याकडे भरवशाची खुडूक कोंबडी आहे त्यांनी पहिला आठवडा-दहा दिवस अंडी तिच्याखाली ठेवून मग मशीनमध्ये घ्यावीत, मोर पाळणारे बरेच जण हेच करतात आणि त्याने फरक पडतो असं माझंही मत आहे. फक्त तिच्या अंगावर गोचीड-पिसवा नाहीत ना बघून घ्या.

वीज गेली तर यात १२ व्होल्टचं सॉकेट आहे, बॅटरीवर चालतं, हे मला फार आवडलं. तासाभराच्या खंडाने अंडी मरत नाहीत, झाकण न उघडता वरून जाड चादर टाकली तरी ऊब बराच वेळ टिकते, पण शेवटच्या दिवसांत बॅटरी जोडलेली असली की जीवाला घोर नाही.

आता ते शेवटचे तीन दिवस. पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद, ट्रे बाहेर, ह्युमिडिटी ६५ ते ७० वर, आणि झाकण बंद ते बंद. इथे मशीनची एक बाजू खरंच चांगली आहे, पाणी बाहेरच्या छिद्रातून भरता येतं, झाकण उघडावं लागत नाही. याचं महत्त्व ज्यांनी कधी उघडं-मिट केलंय त्यांनाच कळेल. पिल्लाने टरफलाला भोक पाडलेलं असताना झाकण उघडलं की ओलावा क्षणात जातो, आतला पातळ पडदा वाळून पांढरा आणि चिवट होतो आणि पिल्लाच्या अंगाला असा चिकटतो की त्याला वळताच येत नाही. जिवंत, पूर्ण वाढलेलं पिल्लू स्वतःच्याच पडद्यात अडकतं.

दुसरी बाजू वाईट, ती म्हणजे तळ. गुळगुळीत प्लास्टिकची जाळी, तीही ओली. मोराचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा ते जड असतं, पाय लांब, त्यात दमलेलं, आणि उभं राहायला जातं तसे दोन्ही पाय दोन दिशांना सटकतात. पुन्हा उठतं, पुन्हा सटकतात. काही तासांत सांधे तसेच सैल पडतात आणि पिल्लू पोटावर पसरून राहतं, धडधाकट जन्मलेलं पिल्लू फक्त जमिनीमुळे लंगडं. माझा एक स्टार इथे गेला. उपाय स्वस्तातला आहे, कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट तळाच्या मापाने कापून पंचविसाव्या दिवशीच अंथरायची, पाणी खाली उतरतं आणि नखांना पकड मिळते. कागद किंवा वर्तमानपत्र अजिबात नको, ते त्याहून घसरतं.

भोक पडल्यावर घाई करू नका हे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं, मग टरफलाला पहिलं भोक पाडतं, आणि त्यानंतर बारा ते चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त, नुसतं बसून असतं. बाहेरून वाटतं ते हरलंय. आत त्या वेळात पडद्याच्या शिरांमधलं रक्त अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तेव्हा आपण टरफल सोललं तर रक्त येतं, आणि एवढ्याशा जीवाचं तेवढं रक्त गेलं की संपलं. भोक पडून चोवीस तास झाले, पुढे काहीच नाही, आवाज क्षीण होत चाललाय, किंवा भोक निमुळत्या टोकाला पडलंय, तेव्हाच हात घालायचा. तोही असा, भोकाच्या कडेचा टरफलाचा कपचा चिमट्याने काढायचा, पडदा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ओला करायचा, चोच आणि नाकपुड्या वाचवून, आणि ओल्या पडद्यातून लाल शीर दिसली की तिथेच थांबून अंडं परत आत ठेवायचं आणि काही तासांनी बघायचं. शेवटची ढकल पिल्लालाच मारू द्या, बलक पूर्ण आत ओढला जायलाही तेवढा वेळ मिळतो.

एका बॅचमधलं एक पिल्लू असंच मदतीने निघालं, मान टाकलेली, पिसं चिकट, एका पायाची बोटं आत वळलेली. त्याला मशीनमध्येच राहू दिलं. लोक इथे घाबरून पिल्लू बाहेर काढतात आणि तोंडात पाणी ओततात, तेच नको. पोटातल्या बलकावर पिल्लू दीड-दोन दिवस सहज काढतं, त्याला त्या वेळी खाण्यापेक्षा ऊब आणि झोप हवी असते. अंग सुकून पिसं फुलली की मग पाणी, कोमट, त्यात पोल्ट्रीचं इलेक्ट्रोलाइट, आणि ड्रॉपरचा थेंब चोचीच्या बाजूला बाहेरून लावायचा. चोचीच्या कडेवर थेंब चमकतो, दोन क्षण काही होत नाही, मग चोच एकदा उघडते-मिटते आणि थेंब गायब. एवढंच, परत थांबायचं, परत एक थेंब. घशात थेट सोडलं तर पाणी फुप्फुसात जातं.

पाय फाकलेले असतील तर चिकटणाऱ्या बँडेजची पातळ पट्टी दोन्ही पायांना अशी बांधायची की पाय अंगाखाली, नेहमीच्या अंतरावर राहतील, घट्ट नको, रक्त थांबता कामा नये. दोन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं चालायला लागतात, पण सुरुवात पहिल्याच दिवशी हवी, आठवड्याने बांधून उपयोग नाही. वळलेल्या बोटांना कार्डबोर्डचा छोटा तुकडा तळव्याखाली ठेवून वरून टेपने बोटं सरळ पसरून चिकटवायची. बोटं वळण्यामागे बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता हे एक कारण असतं, लांडोरीच्या खुराकातच ते कमी असेल तर अंड्यात कुठून येणार, म्हणून पट्टीसोबत बी-कॉम्प्लेक्स आणि मोठ्या पक्ष्यांचा खुराक दोन्ही बघा. एक सावधगिरी, रक्ती हगवणीसाठी अँप्रोलियम चालू असेल तर त्याच वेळी बी-१ (ते बी-कॉम्प्लेक्समध्येही असतं) देऊ नका, ते औषध बी-१ अडवूनच काम करतं, दोन्ही एकमेकांना मारतात. बेंबी ओली, लाल, वास येणारी आणि पोट फुगलेलं मऊ असेल तर तो संसर्ग आहे, पिल्लू लगेच वेगळं करा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, घरगुती उपायात वेळ घालवू नका. आमचं ते पिल्लू चौथ्या दिवशी पट्टीसकट पळत होतं.

हीट प्लेट ही खरेदी मात्र मनापासून आवडली. चार पायांवर उभी, उंची बदलता येते, पिल्लं खाली घुसून पाठ टेकवतात. उजेड नसल्यामुळे रात्री झोपतात, एकमेकांची बोटं टोचत नाहीत, आणि हीट लॅम्प पडून आग लागायची जी कायमची धास्ती असते ती नाही. लॅम्पच वापरणार असाल तर निदान पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक कोटिंगचा बल्ब टाळा, तापल्यावर त्याचा धूर पक्ष्यांना मारतो. प्लेटचा अर्धा स्टार गेला कारण ती आजूबाजूची हवा तापवत नाही, खोली फार थंड असेल तर पिल्लं खालून बाहेर निघून खायलाच येत नाहीत. आणि ज्या पिल्लाला चालता येत नाही त्याच्यासाठी ती नाही, ते प्लेटपर्यंत पोचणारच नाही किंवा खाली जाऊन दबेल. कमजोर पिल्लू पहिले एक-दोन दिवस सगळीकडून ३५ डिग्री मिळेल अशा छोट्या बंद खोक्यात, आणि पायावर उभं राहिलं की प्लेटखाली. पहिल्या आठवड्यात ३५, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी, पण मोराच्या पिल्लांना ऊब कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त आठवडे लागते, पिसं आली म्हणून लगेच बंद करू नका.

प्लेटच्या वर पिल्लं चढून बसतात आणि घाण करतात, त्यासाठी मिळणारं उतरतं झाकण वेगळं घ्यावं लागतं. ब्रूडरलाही, म्हणजे पिल्लं वाढवायच्या उबदार खोक्यालाही, वरून जाळी हवीच. मोराची पिल्लं पंखाची पिसं घेऊनच जन्मतात आणि काही दिवसांतच उडून कडेवर बसतात, उघडं खोकं असेल तर सकाळी पिल्लू जमिनीवर गारठलेलं सापडेल.

खाणं शिकवणं हे काम कुठलंच यंत्र करत नाही. लांडोर पिल्लांना दाणा चोचीतून पुढे धरते, पिल्लं तो चोचीतून उचलतात, त्यामुळे ताटलीत ठेवलेल्या खुराकाकडे बघतसुद्धा नाहीत, भरल्या ताटलीशेजारी उपाशी राहतात. चिमट्यात मीलवर्म अळीचा बारीक तुकडा धरून नजरेसमोर थोडा हलवला की मान वाकडी करून बघतं आणि झडप घालतं, दोन-तीनदा जमलं की तोच चिमटा ताटलीत टेकवायचा. खुराक टर्की किंवा गेम बर्ड स्टार्टर, २८ ते ३० टक्के प्रोटीनवाला, कोंबडीच्या पिल्लांचा साधारण २० टक्क्यांचा असतो तो पुरत नाही. सोबत एक कोंबडीचं पिल्लू ठेवलं तर त्याचं बघून ती भरभर शिकतात, पण ते पिल्लू मशीनमध्येच उबवलेलं हवं, कोंबड्यांच्या अंगणातून उचललेलं नको. कोंबडीच्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो, कोंबडीला तो फारसा दिसत नाही आणि मोराच्या पिल्लाला मारतो.

सफाईबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पिल्लं निघाल्यावर झाकणातल्या पंख्याच्या जाळीत पिसांचा भुगा अडकतो, आणि या मशीनची जाळी नुसती उचलून निघत नाही, चार स्क्रू काढावे लागतात, शेजारीच सेन्सर आहे त्याला पाणी लागू द्यायचं नाही. घेण्याआधी ही जाळी कशी निघते ते जरूर विचारा. तळ आणि पाण्याचे कप्पे सुटे होतात, ते साबणाने धुवून, जंतुनाशकाने पुसून, उन्हात कडक वाळवायचे, भुगा मऊ ब्रशने, आणि सगळं जोडल्यावर मशीन एक दिवस रिकामं चालवून थर्मामीटर पुन्हा ताडून मगच पुढची अंडी ठेवायची.